फुल्क्रां आणि शिवेचा दगड

व्हालसूर्दच्या शाळेत मी चौतीस वर्षं शिकवलं, पण गावाच्या लेखी मी शेवटपर्यंत ‘खालून आलेली बाई’च राहिले. या पठारावर जन्मल्याशिवाय माणूस इथला होत नाही. मला त्याचं दुःख नाही, इथल्यांची अक्कल मी पुरेशी जवळून पाहिली आहे. पण फुल्क्रां व्हेझिए यांच्याबद्दल कॅफेत अजून जे बोललं जातं ते कानावर आलं की माझं डोकं फिरतं. आणि खरं सांगायचं तर डोकं फिरायचा अधिकार या गावात सगळ्यांत कमी कुणाला असेल, तर तो मला.

फुल्क्रां गावचे राखणदार होते. दंडाला पितळी बिल्ला, पोटावर ढोल. कुणाची मेंढी हरवली, देवी टोचायला डॉक्टर येणार, मेयरचा नवा हुकूम निघाला, काहीही असो, दवंडी त्यांचीच. चौकात उभं राहून आधी ढोल, मग एक लांब खाकरणं, मग मजकूर. युद्धात एक कान गेला होता, त्यामुळे ते घरातसुद्धा दवंडी दिल्यासारखेच बोलत. त्यांना कुजबुजता येत नसे. ज्याला कुजबुजता येत नाही त्याच्या पोटात काय राहणार, असं म्हणून लोक त्यांच्यासमोर काही बोलतच नसत. ढोल नसेल तेव्हा त्यांचं काम बांधांचं आणि शिवेचं. दर शनिवारी ते गावाची सगळी शीव पायी फिरत, कुणाचा नांगर कुठं वीतभर पुढं गेलाय ते पाहत, आणि ज्याचा गेला असेल त्याला भर चौकात ऐकवत. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. गावात शत्रू म्हणावा असा एकही माणूस नव्हता, आणि राखणदारासाठी ही काही साधी गोष्ट नव्हे.

आमचं पठार सगळं चुनखडीचं. पाऊस पडतो आणि खडकात गडप होतो. माणसांनी छपरावरचं पाणी टाक्यात साठवायचं, मेंढ्यांनी दगडी डबक्यावर भागवायचं. वाहतं पाणी एकाच ठिकाणी, गावाच्या खालच्या अंगाला कड्याच्या पायथ्याशी असलेल्या झऱ्यावर. तिथून उतार लागतो आणि उताराच्या तळाला रोकबास, फळबागांचं गाव. झऱ्याच्या खाली वीस पावलांवर शिवेचा दगड, कमरेएवढा, दोन अंगांना दोन गावांची अक्षरं कोरलेली. दगडाच्या वरचं सगळं आमचं, म्हणजे झरा आमचा. त्या भरवशावर गावानं तिथं धुण्याचा हौद बांधला होता.

रोकबासशी भांडण मठातल्या साधूंच्या काळापासूनचं. क्रांती झाली, राजे गेले, सम्राट आले आणि गेले, भांडण मात्र टिकलं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी सरकारनं मोजणी करून दगड रोवला तेव्हा कुठं थोडी शांतता झाली. मग एकोणपन्नास साल उजाडलं. मे महिन्यानंतर पाऊस नाही. ऑक्टोबर लागला तरी डबक्यात चिखलसुद्धा उरला नव्हता, आणि घरोघरच्या टाक्यांत बादली तळाला आपटत होती. चार घरांनी खाली शहरात बिऱ्हाडं शोधायला माणसं पाठवली होती. अडतीस घरांतली चार गेली की बाकीची किती दिवस थांबतात, हे सांगायला ज्योतिषी नको.

नेमकं तेव्हाच रोकबासचा मेयर माग्लोआर यानं जिल्ह्याला अर्ज केला. “झरा आमचा आहे, आम्हाला नळ टाकून तो बागांपर्यंत न्यायचा आहे. आमचे आजे सांगत, दगड झऱ्याच्या वर होता.” जिल्ह्यानं जुना नकाशा काढला, तर त्यावर झरा आणि दगड दोन्ही एकाच शाईच्या ठिपक्यात बसलेले.

आमचा मेयर कासियां पन्नाशीचा, तीनशे मेंढ्यांचा धनी, आणि आवाज मेंढ्यांहून मोठा. तो म्हणाला, “दगडाखाली खणा. साक्षीदार बोलतील.”

शिवेचा दगड रोवताना इथं एक रीत आहे. एक कौल घ्यायचं, त्याचे तीन तुकडे करायचे, आणि दगडाच्या खाली पुरायचे. त्या तुकड्यांना साक्षीदार म्हणतात. वाद झाला की खणायचं. तुकडे निघाले आणि एकमेकांना जुळले, तर दगड खरा. निघाले नाहीत, तर दगड कुणीतरी हलवलेला. कोर्टातल्या माणसांपेक्षा इथले लोक या खापरांवर जास्त विश्वास ठेवतात. गावचा कारभार लिहायचं काम शाळेच्या बाईकडेच असतं, तेव्हा खणण्याची मागणी करणारं पत्र मीच लिहिलं, वळणदार अक्षरात. जिल्ह्याचं उत्तर आलं, गुरुवारी मोजणीदार येईल.

सोमवारी चार वाजता मुलं घरी गेली आणि फुल्क्रां वर्गात आले. पहिल्या बाकावर बसले. तो बाक सहा वर्षांच्या पोरांचा, त्यांचे गुडघे हनुवटीला लागले.

“बाई, खिडकी लावा.”

मी लावली.

“ते पत्र मागं घेता येईल का?”

“का म्हणून? आपला दगड, आपले साक्षीदार.”

“साक्षीदार नाहीत तिथं.” ते हळू बोलायची धडपड करत होते आणि तरी काचा थरथरत होत्या. “चौदा सालच्या मार्चात बर्फ वितळलं आणि उतार सरकला. दगड गडगडत खाली गेला. मी चोवीस वर्षांचा, बिल्ला मिळून दोन महिने झालेले. म्हटलं, पडलेला दगड कुणी पाहिला तर पहिल्याच वर्षी नोकरी जायची. एकट्यानं पुरता वर सरकेना. जिथवर सरकला तिथं उभा केला. ठरवलं होतं, कापणी झाली की सहा जणांना घेऊन जागेवर नेईन.”

“मग नेला का नाही?”

“ऑगस्टात युद्धाचं बोलावणं आलं. ते सहाही जण चौकातल्या स्मारकावर आहेत बाई. वाचताय की रोज.”

स्मारकावर सत्तावीस नावं आहेत आणि गाव तेव्हाही दीडशे माणसांचं होतं.

“परत आलो तर दगड तसाच. जाणती माणसं दोन्ही गावांतली गेलेली. कासियांचा बाप म्हणाला, चला, एवढ्या सगळ्यात आपला दगड तरी जागेवर राहिला. त्याचे दोन पोरगे गेले होते. त्याला मी काय सांगू?”

“खरी जागा कुठं आहे?”

“झऱ्याच्या वर. कड्याला लागून.”

“म्हणजे झरा त्यांचा.”

“त्यांचाच होता. आपण भरायचो, ते भरू द्यायचे. तेव्हा भांडण चराईवरून होतं, पाण्यावरून नव्हतं.”

मी भडकले. “पस्तीस वर्षं मूग गिळून बसलात आणि आज मला सांगताय?”

“कुणी विचारलं नाही.”

“आणि गुरुवारी विचारलं तर?”

त्यांनी टोपीची कड चाचपली. “मी शपथ घेतलेला माणूस आहे.”

“शपथ घेतलेला माणूस दगड हलवतो वाटतं?”

“म्हणून तर दुसऱ्यांदा खोटं बोलवत नाही.”

मी त्यांना शाळेतल्या चौदा मुलांची नावं एकेक करून ऐकवली. पाणी गेलं की ही घरं खाली जातील, घरं गेली की शाळा बंद, शाळा बंद झाली की व्हालसूर्द फक्त नकाशावर राहील, तेही शाईच्या ठिपक्यात. ते ऐकत होते. शेवटी मी म्हणाले, “गाव राखायचं काम तुमचं आहे ना? मग राखा.” ते उठले, टोपी घातली आणि गेले. हे वाक्य मी बोलायला नको होतं.

मंगळवारी मी दिवसभर मुलांच्या बेरजा चुकीच्या तपासल्या. संध्याकाळपर्यंत माझं ठरलं होतं.

आमच्या गावातली छपरं दगडी फरशांची. कौलं एकाच छपरावर, शाळेच्या, कारण ती सरकारनं बांधली. मागच्या भिंतीला जास्तीची कौलं रचून ठेवलेली असतात. बुधवारी सकाळी त्यातलं एक मी पोत्यात गुंडाळून दगडावर हाणलं. तीन तुकडे झाले. राख आणि चिखल चोळला, पुन्हा पुसला, पुन्हा चोळला. बारा वाजता घंटा झाली, मुलं जेवायला घरी पळाली. बाराच्या ठोक्याला इथलं प्रत्येक माणूस ताटावर बसतं. त्या वेळी रस्त्यावर फार तर कुत्रा असतो.

मी बादली घेऊन निघाले. बादलीत शाळेच्या बागेतलं खुरपं आणि ते तुकडे. उतारावर पाय ठरत नव्हते. दगडाच्या बाजूनं तिरकं खणत गेले. जमीन इतकी सुकलेली की खुरप्याचा आवाज कड्यावर आपटून परत येत होता, आणि दर वेळी मला वाटे कुणीतरी मागून येतंय. कोपरापर्यंत हात आत गेला तेव्हा तुकडे सरकवले, माती दाबली, वर वाळलेलं गवत पसरलं. देवाचं नाव मी एरवी घेत नाही. त्या दिवशी घेतलं की नाही, आठवत नाही.

परत वळले तर कड्याच्या वाटेवर फुल्क्रां उभे. जेवणाच्या वेळी ते घराबाहेर कधीच नसत.

“झऱ्यावर आला होतात बाई?”

“पाणी न्यायला.”

त्यांनी बादलीत पाहिलं. ती कोरडी होती. मग माझ्या नखांकडे पाहिलं.

“हात धुऊन घ्या,” ते म्हणाले. “मुलं येतील आता.”

दुपारभर मी मुलांना नद्यांची नावं पाठ करायला लावली आणि स्वतः एकही ऐकली नाही.

गुरुवारी शाळेला सुट्टी असते, त्यामुळे पोराटोरांसकट सगळं गाव उतारावर. रोकबासचेही चाळीस-पन्नास जण खालून आले. मोजणीदार बारीक चणीचा, चष्मेवाला. त्यानं दोन्ही मेयरना समोरासमोर उभं केलं आणि मला टेबल मांडून पंचनामा लिहायला बसवलं. माझं टेबल खड्ड्यापासून पाच पावलांवर होतं.

कासियांचे दोन गडी खणू लागले. दगड बाजूला कलला. एकजण वाकला आणि म्हणाला, “हे बघा.”

आमच्या बाजूनं असा आवाज उठला की खालच्यांनी टोप्या सावरल्या. मोजणीदारानं तुकडे फडक्यावर मांडले. तिन्ही जुळले.

माग्लोआर जाडजूड माणूस, सावकाश बोलणारा. तो गुडघ्यावर बसला. “हे सव्वाशे वर्षांचं? माझ्या सासूचे दात याहून जुने दिसतात.”

“तुझ्या सासूला आण की मग साक्षीला,” कासियां म्हणाला आणि गाव हसलं.

मोजणीदार हसला नाही. त्यानं अंगठा ओला करून तुकड्याच्या कडेवरून फिरवला, उजेडात धरला. माझ्या मानेवरून घाम उतरत होता. “कड फार झिजलेली नाही,” तो म्हणाला. “पण मातीत झिजण्याचं कारणही नाही. मी हे मान्य करतो. फक्त नियमाप्रमाणे एक प्रश्न राहिला. गावचा शपथ घेतलेला राखणदार कोण?”

“विचारा, विचारा,” कासियां म्हणाला. “आमच्या फुल्क्रांला कुजबुजता येत नाही, खोटं काय बोलेल?”

फुल्क्रां पुढे आले. बिल्ला घासूनपुसून लावला होता. मोजणीदारानं विचारलं, “हा दगड तुमच्या माहितीत कधी हललाय?”

एक ‘नाही’ म्हटलं की संपलं होतं. नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. मी त्यांच्याकडे पाहत होते आणि मनातल्या मनात त्यांची मान हलवत होते. त्यांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

“हललाय,” ते म्हणाले. “मी हलवलाय. चौदा सालच्या मार्चात.”

मग त्यांनी सगळं सांगितलं, मला सांगितलं होतं तसंच, फक्त आता आवाज आवरायची गरज नव्हती. कड्यावरून प्रत्येक शब्द दोनदा ऐकू आला.

मोजणीदारानं फडक्याकडे बोट केलं. “मग हे तुकडे इथं कसे?”

माझ्या हातातला टाक कागदावर टेकलेला होता आणि तिथं शाई पसरत होती. उठून बोलायला मला एवढा वेळ होता, की त्यात एक पान लिहून झालं असतं.

“मी ठेवले,” फुल्क्रां म्हणाले. “काल दुपारी, गाव जेवत असताना. शाळेच्या मागून एक कौल उचललं. बाईंना माहीत नाही.”

मी खाली पाहिलं.

ते झऱ्याच्या वर चढले, कड्याला लागून एका जागी थांबले आणि टाच रोवली. गड्यांनी हात लावायला नकार दिला, तेव्हा त्यांनी स्वतःच कुदळ घेतली. दोन हात खाली काळे पडलेले तीन तुकडे निघाले. एका तुकड्याला मुळी घट्ट चिकटलेली होती, ती मोजणीदाराला चाकूनं सोडवावी लागली. ते जुळले.

कासियां त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. एरवी बडबड्या माणूस, पण त्या वेळी हळू बोलला, आणि तेच वाईट होतं. “म्हाताऱ्या, चोर तर चोर, वर लबाड. निदान एकच काहीतरी राहायचं होतंस. आता माझ्या मेंढ्यांना तुझा ढोल पाजू का?” मागून कुणीतरी ढेकूळ भिरकावलं. ते फुल्क्रांच्या खांद्याला लागलं. त्यांनी कोट झटकला.

पंचनामा लिहून झाल्यावर सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचा असतो, आणि तो लिहिणाऱ्यानंच वाचायचा असतो. मी उभी राहिले. मुलं पुढच्या रांगेत बसली होती. मी वाचलं, की राखणदार फुल्क्रां व्हेझिए, वय साठ, यांनी आपण शिवेचा दगड हलवल्याचं, आणि काल दुपारी आपण खोटे साक्षीदार पुरल्याचं, आपखुशीनं कबूल केलं. माझा आवाज एकदाही अडखळला नाही. चौतीस वर्षांच्या नोकरीत श्रुतलेखन सांगताना सुद्धा इतकं स्वच्छ मी कधी वाचलं नसेन.

“मान्य आहे?” मोजणीदारानं विचारलं.

“वय चुकलंय,” फुल्क्रां म्हणाले. “एकोणसाठ. बाकी बरोबर आहे.”

मी साठ खोडून एकोणसाठ केलं आणि त्यांनी सही केली.

नंतरची हकिकत थोडक्यात सांगते. झरा रोकबासचा झाला. पण माग्लोआरनं आठवड्यातले तीन दिवस पाणी आमच्याकडे राहू दिलं, लेखी. करारावर सह्या होताना तो मला म्हणाला होता, “ज्या गावात असा एक माणूस आहे, त्या गावाशी करार करता येतो.” गावाला वाटतं कासियांच्या दमदाटीनं ते पाणी मिळालं. खाली जायला निघालेल्या चार घरांपैकी तीन थांबली. फुल्क्रांची नोकरी गेली. ते पुढं अकरा वर्षं जगले. बेकरीत ते शिरले की बायका पाव न घेता बाहेर यायच्या. कॅफेत त्यांना ‘खापऱ्या’ म्हणत. माग्लोआरचं वाक्य मी तिथं सांगायला गेले असते, तर लोकांनी पुढचं विचारलं असतं, की एवढ्या खऱ्या माणसानं खोटे तुकडे कसे पुरले. म्हणून ते मी कुणालाच सांगितलं नाही.

पण मला सांगायचंय ते शुक्रवार सकाळचं. साडेआठला मुलं रांगेनं आत जात होती तेव्हा फुल्क्रां फाटकाशी आले. बिल्ला आणि ढोल जमा करायचे तर ते माझ्याकडेच. बिल्ला त्यांनी रुमालात बांधून आणला होता. मी तो घेतला आणि म्हणाले, “मी आजच जिल्ह्याला लिहिते. ते तुकडे मी—”

“काय लिहिणार?” या वेळी ते खरंच हळू बोलले. मला पुढं वाकावं लागलं. “तुमच्या आधीची बाई गेली तेव्हा दोन वर्षं शाळेला कुलूप होतं. पोरं गुरांमागं हिंडायची. राखणदार काय, कासियांचा पुतण्यासुद्धा होईल.”

“पण लोक तुम्हाला—”

“दगड मी हलवला होता बाई. शिव्या तर खायच्याच होत्या. त्यात थोड्या तुमच्या.” त्यांनी ढोल माझ्या पायाशी ठेवला. “जा आत. मुलं थांबलीत.”

मी आत गेले. सकाळी आधी फळ्यावर तारीख लिहायची, आणि तिच्याखाली त्या दिवसाचं नीतीचं एक वाक्य. मुलांनी ते वहीत उतरवायचं. हा सरकारी नियम आहे आणि मी तो कधीच मोडला नव्हता. मी तारीख लिहिली. चौदा टाक दौतीत बुडवून तयार होते. मी खडू तिच्याखाली टेकवला, ओळ कोरीच सोडून तो खाली ठेवला, आणि मुलांना सांगितलं की आज आपण गणितापासून सुरुवात करू.